मजुरांच्या लेकरांचा कैवारी : कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईत डिलाईल रोडने जाणारे-येणारे आपले ज्ञातिबांधव पुष्कळ आहेत. त्या रस्त्यास आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात, हे सर्वांस ठाऊक आहे. पण हे जोशी कोण, असे तरुणांस विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांचे अल्पचरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या प्रत्येक घरावर त्यांचे ऋण आहे.

नारायणरावांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे 5 जून 1879 रोजी झाला. पुण्यास डेक्कन कॉलेजात पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचा पेशा पत्करला. आम्ही त्याच पेशातले असल्याने या गोष्टीचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो. 1909 साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने अशा मार्गांनी हे काम गिरणगावाच्या चाळींत शिरले. मजुरांचे दुःख त्यांनी पुस्तकांतून नव्हे, तर त्यांच्या बिऱ्हाडांतून जाणले.

ते दुःख केवढे होते, हे आजच्या पिढीस सांगितले पाहिजे. गिरणीत हजारो बायका काम करीत. रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडे, आणि अधिक दिवस घेतली तर जागाही जाई. मग तान्हे मूल रडू नये, निजून राहावे, म्हणून त्यास अफूची गोळी देत. 1920 नंतरच्या लगतच्या वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरने पाहणी केली, तेव्हा गिरणीकामगार बायकांच्या शंभर बालकांपैकी 98 जणांस अफू दिली जात असल्याचे आढळले. त्या माता निर्दय नव्हत्या. तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसावे की संध्याकाळच्या भाकरीची सोय पाहावी, असा पेच त्यांच्यापुढे रोज उभा असे.

1919 साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव तीस उपस्थित होते. बाळंतिणीस बारा आठवड्यांची रजा, त्या काळात निर्वाहापुरते साहाय्य आणि कामावर परतल्यावर बाळास पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी, असा ठराव त्या परिषदेने केला. परत आल्यावर त्यांनी हा विषय सोडला नाही. 1920 साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि 1924 साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. सरकारचा पाठिंबा नव्हता, मालकवर्गही प्रतिकूल होता. विधेयक फेटाळले गेले.

परंतु पेरलेले बी वाया गेले नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात असेच विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. 1929 साली ते कायदा होऊन बाळंतिणीस रोज आठ आणे मिळू लागले. त्याच वर्षी नेमलेल्या शाही मजूर आयोगावर नारायणराव सभासद होते. आयोगाने 1931 साली प्रसूतिसाहाय्याची व मुलांसाठी पाळणाघरांची शिफारस केली. त्यानंतर 1934 च्या कारखाने कायद्यात, पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांकरिता खोली राखण्यास सांगण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. 30 मे 1955 रोजी नारायणराव निवर्तले. देशभरचा प्रसूतिलाभ कायदा 1961 साली झाला. तो पाहण्यास ते नव्हते. 2017 साली पहिल्या दोन अपत्यांकरिता ही रजा 26 आठवड्यांची झाली.

एवढ्याने कार्य संपले काय? आमच्या मते नाही. मूल जन्मते एकदा, आजारी पडते अनेकदा. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांस 2008 पासून बालसंगोपन रजा मिळते. सबंध नोकरीत ती 730 दिवसांची आहे. खाजगी दुकानात, कारखान्यात वा कचेरीत राबणाऱ्यांस मात्र मुलाच्या आजारपणासाठी अशी स्वतंत्र रजा देशाच्या कायद्याने दिलेली नाही; आपल्याच रजेतून ते दिवस काढावे लागतात. ज्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या नियामक मंडळावर नारायणराव बसले, तिनेच 1981 साली शिफारस केली की, मूल आजारी असता आईस तशीच बापासही रजा मिळावी.

अंगात ताप असलेली मुले दप्तरात औषधाची बाटली घेऊन वर्गात आलेली आम्ही शिक्षकी जीवनात अनेकदा पाहिली. मागच्या बाकावर डोके टेकून ती निजत. आईबापांस दोष द्यावा, असे आम्हांस कधी वाटले नाही. दोघांच्याही धन्यांनी सुटी नाकारलेली असे.

आपल्या मंडळात नोकरदार आहेत, तसे दुकानदार व कारखानदारही आहेत. त्यांस आमची नम्र विनंती आहे की, कायद्याची वाट न पाहता, आपल्याकडील माणसाचे मूल आजारी पडल्यास त्यास पगार न कापता दोन-चार दिवस घरी जाऊ द्यावे; तो पुरुष असला तरीही. आणि घरात सूनबाई नोकरीस जात असेल, तर लेकराच्या उशाशी बसण्याची पाळी मुलानेही घ्यावी, हे वडीलधाऱ्यांनी त्यास समजावून सांगावे. नारायणरावांनी सारा जन्म ज्या कार्यास वाहिला, त्यातील एवढा वाटा आपण उचलला तर तीच त्यांस खरी आदरांजली ठरेल.