दुकानांच्या पाट्या हीच शाळा

वाटेगाव ते मुंबई हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी भाऊराव साठे यांचे कुटुंब हे अंतर पायी चालून आले. रेल्वेच्या तिकिटापुरते पैसेही जवळ नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचे, पोटापुरते मिळवायचे आणि पुन्हा चालू लागायचे, असा तो प्रवास कित्येक महिने चालला. या कुटुंबातला अकरा-बारा वर्षांचा मुलगा तुकाराम पुढे अण्णा भाऊ साठे या नावाने महाराष्ट्राला परिचित झाला.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यात, मातंग कुटुंबात झाला. इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली या समाजावर हजेरीचा जाच लादला होता. गावात त्यांच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दीड दिवसाची. अशा मुलाला मुंबईने भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत आसरा दिला. मात्र तो फुकटचा नव्हता. कोळसा वेचणे, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहणे, गिरणीत राबणे अशी कामे करीत तो शहराशी जुळवून घेऊ लागला.

शहरात वावरायचे तर वाचता येणे भाग होते. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके पाहत, एकेक अक्षर जुळवत तो वाचायला शिकला. कामगारांच्या सभा आणि मिरवणुका ही त्याची दुसरी शाळा ठरली. मध्यंतरी गिरणीतले काम सुटल्याने त्याला गावी परतावे लागले. तिथे नात्यातल्या एका तमाशाच्या फडात तो रमला. पुन्हा मुंबईला आला तेव्हा या तरुणाजवळ डफ, ढोलकी आणि लोकांच्या बोलीचे भांडवल होते.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पमधील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात या भांडवलाला दिशा मिळाली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईच्या वैभवाचे वर्णन केले होते. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलच्या श्रीमंतीबरोबर कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतील दैन्यही आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेल्या ‘माझी मैना’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याचा आणि गावी राहिलेल्या त्याच्या कारभारणीचा विरह आहे. हाच विरह महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारच्या दुःखाशी एकरूप होतो. गिरणगावातील हजारो चाकरमान्यांना हे गाणे आपलेच वाटले, यात नवल नाही.

शहरात येणाऱ्या प्रत्येकाचा तिथे निभाव लागतोच असे नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा वारणेकाठाहून कामासाठी मुंबईला येतो. उपनगरातली दगडाची खाण बंद पडते आणि धडधाकट देहाचा हा गडी पोटासाठी मढी उकरून सोने शोधू लागतो. एका रात्री तो हाताची बोटे गमावून बसतो. दुसऱ्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. बेकारी माणसाचे काय करते, याचे इतके निर्दय चित्रण मराठी कथेत क्वचितच आढळते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियालाही जाऊन आले. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, तरी घरची चणचण सुटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि भोवतालच्या माणसांना कथांत आणले.

१८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले. ज्या शहराच्या पाट्या वाचत ते साक्षर झाले, त्याच शहरातील रस्ते आणि संस्थांच्या पाट्यांवर पुढे त्यांचे नाव झळकले. पायी चालत आलेल्या त्या मुलाला स्वस्थपणे लिहिता येईल असे घर मात्र या शहराने फार उशिरापर्यंत दिले नाही.