पॉल वाल्डेन: थंडगार वितळलेला क्षार आणि आपला कापूस

स्वयंपाकघरातलं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण काही क्षार खोलीच्या तापमानालाच द्रव असतात. पाण्यात विरघळलेले नाहीत, तर स्वतःच द्रव! त्यांना आयनिक द्रव म्हणतात. या विषयाचा उगम शोधायला गेलात की पॉल वाल्डेन हे नाव हमखास भेटतं.

मी सॉफ्टवेअरवाला, रसायनशास्त्राशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापुरता. पण मी यवतमाळ जिल्ह्यातला, आणि वाल्डेन यांच्या कामाचा धागा कापसापर्यंत येतो. म्हणून ही गोष्ट.

वाल्डेन यांचा जन्म १८६३ चा, आजच्या लॅटव्हियातल्या शेतकरी घरातला. आईवडील लहानपणीच गेले, शिक्षण मोठ्या भावांच्या आधाराने झालं. रिगाच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांना विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखे गुरू मिळाले आणि द्रावणातून वीज कशी वाहते, हा विषय त्यांना कायमचा चिकटला. १८९६ मध्ये त्यांनी दाखवलं की रासायनिक क्रियेत रेणूची उजवी रचना डावी होऊ शकते, म्हणजे वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसं. ‘वाल्डेन व्युत्क्रमण’ आजही बी.एस्सी.च्या मुलांना शिकावं लागतं.

१९१४ मध्ये त्यांच्यासमोर एक साधी अडचण होती. पाणी नसताना, निव्वळ आयनांतून वीज कशी वाहते हे मोजायचं होतं. नेहमीचे क्षार वितळवायला भट्टी लागते आणि इतक्या उष्णतेत नेमकी मोजमापं घेणं कठीण. मग त्यांनी १०० अंशांच्या आत वितळणारे क्षार शोधले. त्यातला इथिलअमोनियम नायट्रेट तर १२ अंशांनाच वितळतो. कारण सोपं आहे: मिठाचे आयन गोल आणि आटोपशीर, विटांसारखे घट्ट रचले जातात. इथिलअमोनियम आयन वेडावाकडा, त्यामुळे रचना सैल राहते आणि लवकर मोडते.

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. या द्रवाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९१९ मध्ये वाल्डेन जर्मनीत रोस्टॉकला गेले आणि १९३४ पर्यंत तिथे प्राध्यापक होते. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं हजारो पुस्तकांचं ग्रंथालय जळून गेलं. तेव्हा वय होतं जवळपास ७९. आयुष्यभराचा डेटा गेला आणि बॅकअप नाही! तरीही युद्धानंतर त्यांनी ट्युबिंगेनमध्ये रसायनशास्त्राचा इतिहास शिकवला. १९५७ मध्ये ते वारले, तोवर आयनिक द्रव हा शब्द रसायनशास्त्रातही फारसा चर्चेत नव्हता.

आता कापूस. रुईचा साधारण ९० टक्के भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी, निसर्गाने बनवलेला पॉलिमर. प्लॅस्टिक वितळवून नवा आकार देता येतो. कापूस तापवला तर वितळण्याआधीच जळतो, कारण शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट जखडलेल्या असतात. ते सोडवायला व्हिस्कोस धाग्याच्या कारखान्यात कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेवर घाव घालते.

२००२ मध्ये अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दुसरी वाट दाखवली. वाल्डेन यांच्या क्षाराचा दूरचा भाऊबंद असलेल्या एका आयनिक द्रवात त्यांनी सेल्युलोज विरघळवलं. त्यातले क्लोराइड आयन हायड्रोजन बंध तोडतात. मायक्रोवेव्हने थोडं थोडं तापवल्यावर वजनाने २५ टक्क्यांपर्यंत सेल्युलोज विरघळलं. नुसती बाहेरून आच दिली तर भांडं आधी तापतं. मायक्रोवेव्हमध्ये द्रवातले आयन स्वतःच मागेपुढे हलतात आणि उष्णता आतच तयार होते. नंतर पाणी घातलं की सेल्युलोज पुन्हा वेगळं होतं. त्याचा धागा काढा, नाहीतर पातळ पापुद्रा करा.

आमच्याकडे वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर जाळतात. त्यांतही सेल्युलोज आहे, पण लिग्निनने चिकटवलेलं, त्यामुळे ते वेगळं काढणं रुईपेक्षा अवघड. शिवाय आयनिक द्रव महाग आहेत. प्रत्येक फेरीनंतर ते जवळजवळ पूर्ण परत मिळाले, तरच हिशोब जमतो. आणि पाणी घालून सेल्युलोज वेगळं केल्यावर तेच पाणी उडवायला पुन्हा ऊर्जा लागते. जुने सुती कपडे किंवा पऱ्हाट्या यांतून नवा धागा काढणं यवतमाळसारख्या ठिकाणी परवडेल की नाही, हे या खर्चावर ठरेल.

वाल्डेन यांना कापसाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त एक मोजमाप नीट घ्यायचं होतं. ते त्यांनी घेतलं, छापलं, आणि म्हणूनच ८८ वर्षांनी दुसऱ्या कुणाला तिथून पुढे जाता आलं.