दिल्ली हुकली, रुपया उरला : यशवंतराव होळकरांची गोष्ट

इंदूरचं राजेंद्र नगर ही मराठी माणसांची जुनी वस्ती. शेजारून आग्रा-मुंबई रस्ता जातो, वस्तीच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, आणि तिथून महूकडे निघालं की पुढे घाट उतरून नर्मदेकाठचं महेश्वर गाठता येतं. जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला याहून चांगला पत्ता मिळायचा नाही. कारण होळकरांच्या दोन्ही मोठ्या टांकसाळी याच टापूतल्या. एक महेश्वरची, दुसरी मल्हारनगरची. मल्हारनगर म्हणजेच इंदूर.

अशा वस्त्यांमधून लक्ष्मीपूजनाला जे जुने चांदीचे रुपये बाहेर निघतात, त्यात होळकरी रुपया हमखास असतो. शिवलिंग आणि बेलाचं पान दिसलं की महेश्वरचा. सूर्याचा चेहरा दिसला की मल्हारनगरचा. बाकी मजकूर फारसी, आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, दुसऱ्या शाह आलमचं. अहिल्याबाईंच्या काळातही तेच नाव होतं. त्यात कमीपणा कुणाला वाटत नसे, कारण बादशहाचं नाव म्हणजे रुपयाचा विश्वास. पुण्यात पेशव्यांच्या अमलात चालणारा अंकुशी रुपयाही बादशहाच्याच नावाचा होता. सावकार, सराफ, शिपाई सगळे ते नाव बघून नाणं घेत.

पण संग्राहक ज्या होळकरी रुपयासाठी झुरतात, तो या डब्यातला नव्हे. त्याच्यावर फारसी नाही. नागरी अक्षरांत संस्कृत मजकूर आहे आणि शक १७२८ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १८०६-०७. एका बाजूचा आशय असा की, इंद्रप्रस्थी राहणारा राजा पृथ्वीचा चक्रवर्ती आहे आणि त्याच्या कृपेने ही मुद्रा या लोकी शोभते. दुसऱ्या बाजूला, लक्ष्मीकांताच्या चरणकमळी ज्याचं मन भुंग्यासारखं रमतं त्या यशवंताची ही प्रसिद्ध मुद्रा, असं सांगितलं आहे. होळकर घराणं मल्हारी मार्तंडाचं, नाण्यांवर शिवाची चिन्हं, आणि इथे मात्र विष्णू. तेवढ्यावरूनही हा रुपया बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो.

नाण्यावर कुणाचं नाव, हा प्रश्न यशवंतराव होळकरांच्या सगळ्या आयुष्यातून गेलेला आहे. कारण त्यांना जन्मापासून नावच धड मिळालेलं नव्हतं.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ चा, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या वाफगावचा. वडील सुभेदार तुकोजीराव होळकर. आई यमुनाबाई, पण त्यांचं तुकोजींशी लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे काशीराव आणि मल्हारराव हे वारस, आणि यशवंतराव आणि विठोजी हे दोघे घरातले असून बाहेरचे. १५ ऑगस्ट १७९७ रोजी तुकोजी वारले. महिनाही गेला नाही तोच दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांच्या तळावर छापा घातला आणि त्यात ते मारले गेले. गादीवर काशीराव, आणि काशीरावांवर शिंद्यांचा हात.

यशवंतराव निसटले ते थेट नागपूरला, रघूजी भोसल्यांच्या आश्रयाला. आश्रय कसला, भोसल्यांनी त्यांना कैदेतच टाकलं. १७९८ मध्ये तिथून ते पळाले. पुढे धारच्या आनंदराव पवारांनी आसरा दिला, पण शिंद्यांचा दाब आला तसा तोही सुटला. हाताशी काय होतं? थोडे स्वार, भिल्लांच्या टोळ्या, पेंढारी, पठाण. अमीरखान याच काळात येऊन मिळाला, जो पुढे टोंकचा नवाब झाला. पगार द्यायला पैसा नव्हता. लूट मिळेल तो पगार. ही सवय त्यांच्या सैन्याला पहिल्या दिवसापासून लागली आणि शेवटी तीच त्यांच्या मुळावर आली.

१७९९ च्या सुरुवातीला महेश्वर त्यांच्या ताब्यात आलं. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. पण इथेही यशवंतरावांनी कारभार स्वतःच्या नावाने केला नाही. मारल्या गेलेल्या मल्हाररावांचा लहानगा मुलगा खंडेराव, त्याच्या नावाने केला. पोर शिंद्यांच्या कैदेत, आणि काका त्याच्या नावाने राज्य चालवतोय! हिशेब साधा होता. लग्नाबाहेरच्या मुलाला जहागीरदार आणि सावकार उभं करणार नाहीत, खऱ्या वारसाच्या नावाला मात्र मान देतील. त्याच सुमारास स्वतःची बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला.

१८०१ हे साल फार वाईट गेलं. एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात विठोजीला हत्तीच्या पायी दिलं. जुलैत यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. ऑक्टोबरात शिंद्यांचा सरदार सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आला, यशवंतराव हरले आणि इंदूर लुटलं, जाळलं गेलं. आज ज्या शहरात सराफ्याची रात्रीची खाऊगल्ली बघायला पाहुणे येतात, त्याच शहराची ही दशा झाली होती.

भावाचा सूड मनात घेऊन यशवंतराव पुण्यावर निघाले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला पेशवा आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला त्यांनी धूळ चारली. बाजीराव पळाला. यशवंतरावांनी अमृतरावाला पुढे करून नवी घडी बसवायचा प्रयत्न केला, पण बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून टाकला. पुण्यात सुरुवातीला यशवंतरावांनी शिस्त ठेवली होती. पुढे फौजेच्या पगाराचा तगादा लागला आणि शहरातल्या पैसेवाल्यांची पिळवणूक झाली. पुणेकरांच्या आठवणीत त्यांचं नाव कडू राहिलं ते त्यामुळे. त्यांना आज केवळ वीरपुरुष म्हणून रंगवणारे हा भाग गाळतात. तो गाळला तर पुढची गोष्ट कळत नाही.

१८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढत होते, तेव्हा यशवंतराव बाजूला उभे राहिले. ही त्यांची सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल. त्याच सप्टेंबरात जनरल लेकने दिल्ली घेतली. आंधळा, म्हातारा शाह आलम शिंद्यांच्या छायेतून निघाला आणि कंपनीच्या पेन्शनीवर आला. १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले होते. दिल्लीपासून पालमपर्यंतच याचं राज्य, असं लोक हसून म्हणत. नाण्यांवर मात्र तो अजून सातही खंडांचा धनी होता, होळकरांच्या टांकसाळीतसुद्धा.

एप्रिल १८०४ मध्ये यशवंतराव एकट्याने इंग्रजांशी भिडले. कर्नल मॉन्सन कोट्याच्या वाटेने माळव्यात शिरू पाहत होता. जुलैत त्याला मुकुंदऱ्याच्या खिंडीतून मागे फिरावं लागलं. पावसाळा, फुगलेल्या नद्या, चिखल, आणि पाठीवर होळकरांचे स्वार. ऑगस्टअखेर आग्र्याला पोचेपर्यंत त्याच्या फौजेची पार दैना झाली होती. तोफा गेल्या, सामान गेलं, माणसं गेली. कंपनीची हिंदुस्थानात एवढी नामुष्की क्वचितच झाली असेल.

त्यानंतर यशवंतराव मथुरेवरून थेट दिल्लीवर गेले. ऑक्टोबर १८०४. शहर घ्यायचं आणि बादशहा आपल्या हाती आणायचा, हा डाव. बादशहा ज्याच्याकडे, त्याच्या हुकमाला हिंदुस्थानभर किंमत, हे महादजी शिंद्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं होतं. पण ऑक्टरलोनी आणि बर्न यांनी थोड्या शिबंदीवर शहर लढवलं. आठवडाभर तटावर तोफा चालवून, शिड्या लावून पाहिल्या. जमलं नाही. मागून लेक येतोय म्हटल्यावर वेढा उठवावा लागला.

पुढचं भराभर घडलं. १३ नोव्हेंबरला डीगची लढाई, आणि १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेत लेकने पहाटे गाठून त्यांच्या घोडदळाची फळी मोडली. भरतपूरच्या राजा रणजितसिंहाने किल्ल्यात आसरा दिला. जानेवारी १८०५ पासून लेकने भरतपुरावर चार हल्ले केले, चारही फसले. शेवटी राजाने एप्रिलमध्ये इंग्रजांशी जुळवून घेतलं. यशवंतराव पंजाबात अमृतसरपर्यंत गेले. तिथे लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांकडे मदत मागितली. महाराजांनी पाहुणचार केला, फौज दिली नाही. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजपूरघाटचा तह झाला. चंबळेच्या उत्तरेकडचे हक्क सोडायचे, माळव्यातलं राज्य राखायचं. गव्हर्नर जनरल बार्लोने पुढे टोंक-रामपुऱ्याबाबतची अट ढिली केली. हरलेल्या माणसाच्या मानाने तह वाईट नव्हता. पण त्यानंतर कंपनीला दिल्लीतून हुसकण्याचा प्रश्न संपला.

आणि मग शक १७२८ चा तो रुपया येतो.

तहाची शाई वाळली न वाळली तोच पाडलेलं हे नाणं नीट बघण्यासारखं आहे. त्यात कंपनीचा उल्लेख नाही. चक्रवर्ती कोण, तर इंद्रप्रस्थी बसलेला राजा. ज्या बादशहाला तटावरून शिड्या लावूनही आणता आलं नाही, त्याला इथे मालक म्हणून ठेवलंय. दिल्ली हा शब्द नाही, इंद्रप्रस्थ आहे, पांडवांचं. गंमत म्हणजे बादशहाचं नावच नाही. शाह आलम १९ नोव्हेंबर १८०६ ला वारला, त्याच्या जागी दुसरा अकबर आला, तरी या रुपयाचा एक शब्द बदलायची गरज नव्हती. नाव आहे ते एकच, यशवंताचं. पुतण्याच्या नावाआड सुरू झालेला कारभार आता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लिपीत, चांदीवर उमटला होता.

नागरी अक्षरांचं नाणं मराठ्यांना नवं नव्हतं. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई घरोघरी माहीत आहे. पण ती अभिषिक्त छत्रपतींची. मराठेशाहीतल्या एका सरदाराने, तेही लग्नाबाहेर जन्मलेल्या, संस्कृत श्लोकातून आपलं नाव चांदीवर घातलं हे वेगळं. म्हणूनच त्याला मागणी. अशा मागणीच्या नाण्यांच्या ओतीव नकलाही बाजारात फिरतात. जाणकार आधी वजन बघतो, मग कडेला सांध्याची रेघ आहे का ते, मग अक्षरांची धार. ठशावर घण घालून पाडलेल्या चांदीचा कडकपणा ओतीव चांदीला येत नाही.

नाण्यावर नाव आलं, पण पगाराला नाणी नव्हती. लढाई संपली, लूट थांबली आणि फौज दारात धरणं धरून बसली. माल्कमने नोंदवलंय की थकलेल्या पगारापोटी यशवंतरावांनी पुतण्या खंडेरावालाच स्वारांकडे ओलीस दिलं आणि स्वारांनी त्यालाच खरा धनी म्हणून उभं केलं. ज्या नावाचा इतकी वर्षं उपयोग केला, तेच नाव उलटलं. जयपूरकडून पैसा आणून फौज शांत केली गेली. थोड्याच दिवसांत ते पोर मेलं. विषाची बोलवा उठली. पुढे काशीरावही मारले गेले. दोन्ही मृत्यूंचा डाग यशवंतरावांच्या नावावर आहे आणि तो पुसता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही.

शेवटची वर्षं भानपुऱ्यात गेली. आजचा मंदसौर जिल्हा, राजस्थानची सीमा हाकेवर. तिथे त्यांनी तोफा ओतायचा कारखाना घातला. भट्टीपाशी स्वतः रात्रंदिवस उभे राहत, सोबत दारूही चाले. १८०८ मध्ये डोक्यावर परिणाम झाला. आधी विसर पडायला लागला, मग आरडाओरड, मग बांधून ठेवायची पाळी आली. शेवटी वाचाही गेली. ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यातच ते वारले. वयाची पस्तीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांची छत्री तिथेच आहे.

गादीवर लहान मल्हारराव, कारभार तुळसाबाईंकडे. डिसेंबर १८१७ मध्ये क्षिप्रेकाठी महिदपूरला आपल्याच लोकांनी तुळसाबाईंना मारलं आणि दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने स्वतंत्र राज्य संपलं आणि इंदूर राजधानी झालं. टांकसाळ चालू राहिली. संस्कृत श्लोक मात्र पुन्हा निघाला नाही. सूर्याच्या चेहऱ्याचा मल्हारनगरी रुपया शाह आलमच्याच फारसी नावाने पडत राहिला. तो बादशहा मरून पन्नासावर वर्षं झाली, १८५७ नंतर दिल्लीचं तख्तही गेलं, तरी इंदुरात त्याच्या नावाची चांदी चालतच होती.