दुसरा निरोप्या: अर्ल सदरलँड

या पानावर आम्ही बहुतेक वेळा संत, गवई, नाटककार आणि जुन्या संस्थानांतले कारभारी यांची चरित्रे देत आलो आहोत. या वेळी एका अमेरिकन शास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. घाबरले की छाती धडधडते, उपाशी राहिले तरी रक्तातली साखर एकदम तळाला जात नाही, पटकी झालेल्या माणसाच्या अंगातले पाणी काही तासांत वाहून जाते. या तिन्ही गोष्टींत एकाच चिमुकल्या रेणूचा हात असतो, आणि तो रेणू अर्ल सदरलँड यांनी शोधला.

सदरलँड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी कॅन्सस राज्यातल्या बर्लिंगेम या लहानशा गावी झाला. वडिलांचे कापडचोपडाचे दुकान होते, पण मोठ्या मंदीत घरची शिल्लक गेली. वॉशबर्न कॉलेजात शिकताना अर्लला रुग्णालयात पडेल ते काम करून खर्च भागवावा लागला. पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९४२ साली ते डॉक्टर झाले, महायुद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून युरोपात गेले आणि परतल्यावर दवाखाना की प्रयोगशाळा या पेचात पडले. तो पेच कार्ल कोरी यांच्या सहवासात सुटला. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल मिळाले, ते शरीर साखर कशी साठवते आणि मोडते या कामासाठी. सदरलँड त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले.

प्रश्न वरवर साधा होता. अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तातून यकृताशी येते आणि यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडते. पण कसे? सदरलँड यांनी दाखवले की फॉस्फोरिलेज नावाचे एन्झाइम जागे झाले की साखर सुटते. मग अ‍ॅड्रेनॅलिन त्या एन्झाइमला जागे कसे करते? संप्रेरकांचा परिणाम पाहायचा तर पेशी अखंडच हवी, ती फोडली की सगळे संपते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. १९५३ साली क्लीव्हलँडला आल्यावर सदरलँड आणि त्यांचे सहकारी थिओडोर रॉल यांनी नेमके तेच केले: यकृताच्या पेशी फोडून त्यांचा लगदा केला. त्यात अ‍ॅड्रेनॅलिन आणि एटीपी घातले, आणि फॉस्फोरिलेज जागे झाले!

यापुढचा भाग आम्हाला या चरित्रातला सर्वांत देखणा वाटतो. लगदा यंत्रात गरगर फिरवून त्यातला गाळ, म्हणजे मुख्यतः पेशींच्या आवरणाचे तुकडे, खाली बसवला आणि वरची निवळ वेगळी काढली. निवळीत अ‍ॅड्रेनॅलिन घातले तर काहीच होईना. गाळ परत मिसळला की परिणाम हजर. मग त्यांनी नुसत्या गाळात संप्रेरक आणि एटीपी घातले, ते मिश्रण उकळले आणि तो अर्क निवळीत टाकला. एन्झाइम जागे झाले. उकळल्यावर प्रथिने नासतात, म्हणजे निरोप नेणारा पदार्थ प्रथिन नव्हता, काहीतरी लहान आणि चिवट होते. अ‍ॅड्रेनॅलिन पेशीच्या दारापर्यंतच येते, आत शिरत नाही. आतला निरोप दुसराच कोणी नेतो.

हा पदार्थ ओळखण्यात एक गमतीचा योग आला. सेंट लुईसमध्ये डेव्हिड लिपकिन यांना एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची क्रिया करताना एक अनोळखी संयुग मिळाले होते. त्यांनी आणि सदरलँड यांनी, एकमेकांना न कळता, लिऑन हेपेल या एकाच शास्त्रज्ञाला पत्रे लिहिली. दोन्ही वर्णने एकाच वस्तूची आहेत हे हेपेल यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. ती वस्तू म्हणजे सायक्लिक एएमपी. पेशी ते एटीपीपासून बनवते. एटीपी १९२९ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतून वेगळे केले होते, आणि त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही. सुब्बाराव भीमवरमचे, त्यामुळे आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना हा धागा विशेष जवळचा.

शोध लागला तरी तो पटायला बराच काळ गेला. संप्रेरके अनेक, त्यांची कामे परोपरीची. त्या सगळ्यांचा निरोप एकच रेणू कसा नेईल, हा आक्षेप घेतला जाई, आणि तो काही उगाच नव्हता. दवंडी पिटली तर ती सगळ्या गावाला ऐकू येते. मग एकाच दवंडीवर एका घराने चूल पेटवावी आणि शेजारच्याने दार लावावे, हे कसे? सदरलँड यांचे उत्तर असे की निरोप एक असला तरी यकृताची पेशी आणि हृदयाची पेशी यांच्या घरातली माणसे वेगळी असतात. उत्तर बरोबर होते, पण अर्धेच. एकाच पेशीत दोन संप्रेरके हाच रेणू वाढवतात आणि परिणाम मात्र वेगळे होतात, ही गोष्ट त्यात बसत नव्हती. पेशीचा लगदा केल्याने निरोप्या सापडला खरा, पण तो पेशीत कुठे उभा होता हे त्याच लगद्यात हरवले.

पुरावे मात्र वाढत गेले. १९६३ साली अध्यापनाचा भार कमी करून सदरलँड नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. १९६५ साली जिवाणूंतही हा रेणू सापडला. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलेले पटकीचे विष आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपीच वाढवते, हेही सत्तरीच्या सुरुवातीला उघड झाले. १९७१ सालचे वैद्यकाचे नोबेल सदरलँड यांना एकट्याला मिळाले. १९७३ साली ते मायामीला गेले आणि ९ मार्च १९७४ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, निवर्तले.

राहिलेल्या अर्ध्या उत्तराची किल्ली त्यांच्याच कामात होती. हा रेणू मोडून टाकणारे फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम त्यांनी आणि रॉल यांनी लगोलग हेरले होते. चहा-कॉफीतली द्रव्ये त्याला अडवतात हे १९६२ साली बुचर आणि सदरलँड यांनी दाखवले. (आपल्या सकाळच्या कपाची तरतरी मुख्यतः दुसऱ्याच वाटेने येते, हे आमच्या चहाबाज वाचकांसाठी.) सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हृदयावरच्या प्रयोगांत दिसले की अ‍ॅड्रेनॅलिनसारखे औषध आणि एक प्रोस्टाग्लँडिन, दोघेही सायक्लिक एएमपी वाढवतात, पण ठोका जोरकस होतो तो पहिल्यानेच. म्हणजे रेणू किती आहे इतकेच पाहून भागत नाही, तो कुठे आहे हेही पाहावे लागते.

साध्या पाण्यात इतका लहान रेणू पेशीएवढे अंतर सेकंदाच्या अंशात पार करील. पेशीत तसे होत नाही. तिथे बराचसा सायक्लिक एएमपी प्रथिनांना चिकटून असतो, आणि फॉस्फोडायएस्टरेज ठिकठिकाणी नाक्यावर बसल्यासारखे सुटे रेणू मोडत राहते. निरोप ऐकणारे एन्झाइमही मोकळे भटकत नाही, त्याला आवरणाजवळ किंवा स्नायूतंतूंजवळ बांधून ठेवणारी वेगळी प्रथिने असतात. निरोप दवंडीसारखा गावभर न होता वाड्याच्या एकाच दालनात कानात सांगितल्यासारखा होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चमकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने जिवंत हृदयपेशीत हे डोळ्यांनी पाहता आले: अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीचा संदेश आल्यावर सायक्लिक एएमपी सगळीकडे सारखा न पसरता पट्ट्यापट्ट्यांत वाढला, आणि फॉस्फोडायएस्टरेज अडवले तेव्हा पट्टे पुसले जाऊन तो सर्वत्र पसरला.

माणसात या एन्झाइमची अकरा कुळे आज माहीत आहेत आणि त्यांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. क्षीण हृदयाला तात्पुरता जोर देणारे मिलरिनोन तिसऱ्या कुळाला अडवते, फुप्फुसांच्या जुनाट विकारात दिले जाणारे रोफ्लुमिलास्ट चौथ्याला.