लक्ष्मीबाईंचा हिशेब

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. साहित्यनगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान द्यावा का, यावरून त्या दिवसांत काही कुरबुर झाली. मंडपात बसल्या बसल्या मला मात्र एक बाई आठवत होती. लक्ष्मीबाई टिळक.

त्यांची ओळख मला आईमुळे झाली. आमच्या गावच्या वाचनालयातून मी ‘स्मृतिचित्रे’ आणलं होतं. शाळेत एक पाठ होता, म्हणून. मी चार पानं वाचून ठेवून दिलं. आईनं मात्र निवडायचं तांदळाचं ताट मांडीवरून उतरवून ते वाचायला घेतलं. वाचता वाचता ती एकटीच हसायची आणि मध्येच पदर डोळ्यांना लावायची. त्या काळी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक वेगळा पेला असे. शेतावरच्या गड्याला पाणी द्यायचं ते त्याच पेल्यातून. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. पोरीबाळींचा जीव त्या धुण्यापुसण्यात मेटाकुटीला येई. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक बुद्धीनं तल्लख, हाडाचे कवी. पण एका जागी टिकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नोकरी सोडून, न सांगता कुठं निघून जातील, याचा भरवसा नसे. हातात पैसा आला की दारी आलेल्या पहिल्या गरजूच्या हाती पडे. घरात उद्याच्या भाकरीची काय सोय, हा प्रश्न बायकोनं सोडवायचा. बायकोला अक्षरओळखही धड नव्हती. ती करून दिली टिळकांनीच.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचं धर्मावर बोलणं झालं. त्यानं त्यांना बायबलचा ‘नवा करार’ वाचायला दिला. टिळक वाचत गेले, विचार करत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, त्याचा आपल्यावर जीव आहे, आणि तरी त्याच्या घरी जाता येत नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला हे वैधव्याहून अवघड. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. चंद्रभागेच्या काठी बसून त्यांनी काय काय विठोबाच्या कानावर घातलं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्याच दुःखात त्यांना कविता सुचू लागली.

अखेर मुलाला घेऊन त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या. आता ख्रिस्ती होऊन नव्हे, तर आपला धर्म आणि आपलं सोवळं बरोबर घेऊन. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. इथं टिळकांचं मोठेपण दिसतं. ज्या माणसानं श्रद्धेपायी घरदार पणाला लावलं, त्यानं बायकोवर त्या श्रद्धेची सक्ती केली नाही. उलट तिचं सोवळं नीट पाळलं जावं, याची सोय त्यानंच पाहिली.

आणि मग बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या आतून. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. माणसाला देवानं केलं. मग जात कुणी केली? देवानं केली असती तर तिची काही खूण अंगावर दिसली असती. ती दिसत नाही, तेव्हा हे काम माणसाचंच. एकदा हे मनाला पटलं, आणि लहानपणापासून रक्तात भिनलेली शिवाशीव त्यांनी टाकून दिली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे आधी पाण्याचा पेला आणि मग धर्म.

दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत टिळकांचं घर पोरक्या मुलांनी भरलं. पुढे बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. मिळकत तुटपुंजी आणि पानावर माणसं भरपूर. ९ मे १९१९ ला टिळक गेले, तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. मग पोटापाण्यासाठी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करण्याची नोकरी धरली. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अवघ्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं; अक्षराशी उशिरा ओळख झालेल्या या बाईनं पुढचे ६४ अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहू पाहत होता, त्याच्यासाठी म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं. ते १९३४ पासून चार भागांत निघालं. शेवटचा भाग निघाला तेव्हा लक्ष्मीबाई नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं निधन झालं होतं.

मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या पाहिल्या. त्यामुळे असेल, पण हे पुस्तक पुन्हा वाचताना मी नकळत जमाखर्च मांडत बसतो. नवऱ्याची येणे बाजू केवढी मोठी! उपाशी ठेवलेले दिवस, न सांगता सोडलेली घरं, साडेचार-पाच वर्षांचा वियोग. बाई यातलं काहीएक लपवत नाही. पण वसुलीची नोटीस म्हणून एक ओळही लिहीत नाही. भांडणं सांगताना स्वतःचीच फजिती आधी सांगते आणि आपल्याला हसवते. जे मिळालं ते पानापानावर जमा धरलं आहे: अक्षरं मिळाली, कविता मिळाली, परक्याची मुलं आपली झाली, देव दिसला. श्रद्धा या घरात प्रवचनातून आली नाही. ती स्वयंपाकघरातून आली, आणि म्हणूनच टिकली असावी.

आईनं पुस्तक परत करायला दिलं तेव्हा ती काही बोलली नाही. कोनाड्यातला पेलाही जागचा हलला नाही. वर्षभरानं असेल, उन्हाळ्याची सुट्टी होती. गडी ओसरीवर येऊन टेकला आणि आईनं आतून तांब्याभांडं आणलं, आम्ही रोज वापरायचो तेच. आजी माजघरातून पाहत होती. गड्यानं भांडं हातात घेतलं, क्षणभर आईकडे पाहिलं आणि पाणी प्यायला. आईनं भांडं विसळून मांडणीवर पालथं घातलं आणि ती भाकरी थापायला बसली.

संमेलनाच्या मंडपातून परतताना हे कुणाला सांगावं, असं फार वाटलं. आई तर १९९८ मध्येच गेली. मी घरी आलो आणि कपाटातलं ‘स्मृतिचित्रे’ काढून नातीच्या टेबलावर ठेवलं.