गावाकडं तार आली की रडारड व्हायची. ज्याच्या कोडवर ती चालायची त्या मोर्सला मात्र बायको गेल्याचं उशिरा कळलं होतं

ओतूर-जुन्नरकडची कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत. गावाकडं तार आली की ती उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे ठरलेलंच. त्यात मजकूर बहुतेकदा इंग्रजीत, म्हणजे वाचायला मास्तरांना गाठा.

ही तार ज्याच्या कोडवर चालायची तो सॅम्युएल मोर्स मूळचा चित्रकार. जन्म 1791 चा, अमेरिकेतला. फेब्रुवारी 1825 मध्ये तो लाफाएतचं पोर्ट्रेट करायला वॉशिंग्टनला गेला होता. इकडं न्यू हेवनला बायको ल्युक्रेशिया नुकतीच तिसऱ्यांदा बाळंत झालेली. 7 फेब्रुवारीला ती वारली. वय फक्त 25. वडिलांचं पत्र मिळाल्यावर मोर्स धावत निघाला, पण घरी पोचेपर्यंत तिला पुरूनही झालं होतं.

याच दुःखातून त्यानं तारयंत्र शोधलं, असं व्हायरल पोस्टमध्ये सांगतात. ते इतकं सरळ नाही. कल्पना सुचली 7 वर्षांनी, 1832 मध्ये, युरोपातून परतताना जहाजावर विजेच्या गप्पा रंगल्या तेव्हा.

आधी त्याच्या डोक्यात आकडे होते. प्रत्येक शब्दाला एक आकडा, आणि तो शोधायला जाडजूड कोश. कोण बसणार शोधत? मग अक्षरांचा कोड आला. त्यात सहकारी आल्फ्रेड व्हेलचाही हात होता, नाव मात्र मोर्सचंच राहिलं. कोणतं अक्षर किती वापरतात, हे छापखान्यातल्या खिळ्यांच्या संख्येवरून ठरवलं. इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याला एकच टिंब. ‘टी’ला एक रेघ. क्वचित लागणारा ‘क्यू’ आजच्या कोडमध्ये रेघ-रेघ-टिंब-रेघ. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब.

यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचं. पण तारबाबू हुशार, नुसत्या कड-कट्ट आवाजावरून ते थेट अक्षरं लिहू लागले.

24 मे 1844 ला वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अधिकृत संदेश गेला. भारतात ओशॉनेसी या डॉक्टरानं तारा ओढल्या आणि 1855 मध्ये सर्वसामान्यांनाही तार करता येऊ लागली. सुरुवातीची यंत्रं त्याची स्वतःची, मोर्सची नंतर आली.

मोर्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. जग जोडणारा हा माणूस गुलामगिरीचा उघड समर्थक होता, आणि बाहेरून येणाऱ्या कॅथलिकांचा विरोधक.

2 एप्रिल 1872 ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. ती बातमी तारेनंच गेली.