तोंड वाकडे का होते? चेहऱ्याचे दोन मज्जातंतू आणि सर चार्ल्स बेल

सकाळी उठून चूळ भरावी आणि पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळून जावे. आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढलेले, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटता मिटत नाही, हसायला गेले तर अर्धाच चेहरा हसतो. घरातली माणसे घाबरतात. अंगावरून वारे गेले, असे शेजारीपाजारी म्हणू लागतात. डॉक्टर तपासतात, कपाळाला आठ्या घालायला सांगतात आणि अनेकदा एक नाव सांगतात : बेल्स पाल्सी.

या नावातले बेल म्हणजे स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि चित्रकार सर चार्ल्स बेल. चेहऱ्याला हालचाल देणारा मज्जातंतू आणि चेहऱ्याला संवेदना देणारा मज्जातंतू हे दोन वेगळे आहेत, ही गोष्ट वैद्यकाच्या पचनी पाडण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण हा शोध लावताना ते स्वतः एका महत्त्वाच्या ठिकाणी चुकले होते, आणि श्रेयासाठी त्यांनी जे केले त्यावर आजही बोलले जाते.

मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्या

बेल यांचे काम समजण्यासाठी थोडी शरीररचना माहीत हवी. हातापायांचे मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून बाहेर पडतात. डोके आणि चेहऱ्याचे बहुतेक मज्जातंतू मात्र थेट मेंदूकडून येतात आणि कवटीच्या छिद्रांतून बाहेर पडतात. त्यांच्या बारा जोड्या आहेत. त्यांना कर्पर चेता किंवा क्रेनियल नर्व्ह म्हणतात.

पहिली जोडी वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी जोडी डोळा फिरवते. पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. ती चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेते आणि चावण्याचे स्नायू हलवते. सातवी म्हणजे फेशियल. हसणे, रडणे, डोळे मिटणे, भुवया उंचावणे हे सगळे तिच्यामुळे होते. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तीच नेते. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. नववी घशाची. दहावी घसा आणि स्वरयंत्रापासून हृदय आणि पोटापर्यंत पोहोचते. अकरावी मान आणि खांदा हलवते, बारावी जीभ.

ही मोजणी एका दिवसात झालेली नाही. प्राचीन काळात गॅलेनने सात जोड्या मानल्या होत्या. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये नऊ मोजल्या. जर्मनीच्या सॅम्युएल सोमरिंग यांनी १७७८ मध्ये आजची बाराची मोजणी मांडली. बेल शिकत होते तेव्हा ब्रिटनमध्ये विलिस यांचीच मोजणी रूढ होती. तिच्यात चेहरा हलवणारा मज्जातंतू आणि ऐकण्याचा मज्जातंतू एकाच सातव्या जोडीचे दोन भाग समजले जात.

पण मज्जातंतू मोजणे वेगळे आणि त्यांचे काम ओळखणे वेगळे. कुठला तंतू कुठे जातो हे मृतदेहात दिसते. तो काय करतो हे मात्र दिसत नाही. चेहऱ्यावर तर पाचव्या आणि सातव्या मज्जातंतूच्या फांद्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. दोन्ही एकच काम करत असतील, असे अनेकांना वाटत होते.

एडिंबराचे दार बंद झाले

चार्ल्स बेल यांचा जन्म नोव्हेंबर १७७४ मध्ये एडिंबरा येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. चार्ल्स लहान असतानाच ते वारले आणि घर ओढगस्तीत आले. आईनेच त्यांना बरेचसे शिकवले. चित्रकलेची गोडीही तिच्याकडूनच लागली. पुढे डेव्हिड ॲलन या चित्रकाराकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले.

थोरले भाऊ जॉन बेल शहरातले नामांकित शल्यचिकित्सक होते आणि शरीररचनेची स्वतःची शाळा चालवत. चार्ल्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले. विद्यार्थी असतानाच शवविच्छेदनाचे सचित्र पुस्तक काढण्याइतका त्यांचा हात बसला होता. १७९९ मध्ये त्यांना एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये प्रवेश मिळाला.

मात्र जॉन यांचे शहरातले वजनदार प्राध्यापक जेम्स ग्रेगरी यांच्याशी कडाक्याचे भांडण जुंपले. त्यातून शहराच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्यांची संख्या मर्यादित करण्यात आली आणि बेल भावंडांना तिथे जागा उरली नाही. रुग्णालयाविना शल्यचिकित्सक म्हणजे शेताविना शेतकरी. १८०४ मध्ये, तिशीत पोहोचलेले चार्ल्स लंडनला निघाले. तिथे ओळखी थोड्या होत्या आणि पैसे त्याहून थोडे.

चित्रकाराचा डोळा

लंडनमध्ये त्यांनी भाड्याच्या घरात शरीररचनेचे वर्ग सुरू केले. चित्रकारांनाही ते शिकवत. १८०६ मध्ये त्यांचे चेहऱ्यावरील भाव आणि चित्रकला यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. राग आला की कुठला स्नायू आकसतो, दुःखात ओठांचे कोपरे का खाली येतात, याची रचनेच्या आधारे मांडणी त्यात होती. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये भावभावनांवरचे आपले पुस्तक लिहिले तेव्हा बेल यांचे काम त्यांच्यासमोर होते. माणसाला काही स्नायू केवळ भाव दाखवण्यासाठी मिळाले आहेत, हे बेल यांचे म्हणणे मात्र डार्विन यांना मान्य नव्हते.

चेहऱ्याकडे असे वर्षानुवर्षे पाहिल्यामुळेच पुढचा प्रश्न बेल यांच्यासमोर उभा राहिला : हे स्नायू हलवते कोण?

त्याच हातातल्या पेन्सिलीने त्यांनी युद्धही टिपले. १८०९ मध्ये स्पेनमधल्या कोरुन्याच्या लढाईतून जखमी सैनिक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा बेल त्यांच्या शुश्रूषेला धावले. जून १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली. बातमी कळताच ते मेहुणा जॉन शॉ याला घेऊन ब्रसेल्सला गेले आणि थकून हात जड होईपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. त्या जखमींची त्यांनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. जखम कुठे झाली आणि त्यामुळे शरीराचे कुठले काम बंद पडले, हे त्यांतून दिसते.

शंभर प्रतींची पुस्तिका

१८११ हे वर्ष बेल यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मेरियन शॉ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पत्नीकडून आलेल्या पैशांच्या आधाराने त्यांनी पुढच्याच वर्षी ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील प्रसिद्ध शरीररचना शाळेत भागी घेतली. पुढे मिडलसेक्स रुग्णालयात ते शल्यचिकित्सक झाले.

१८११ मध्येच त्यांनी मेंदूच्या रचनेवर एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. प्रती फक्त शंभर, त्याही मित्रांना वाटण्यापुरत्या. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामे करतात आणि मज्जातंतूंचे कामही ते मेंदूच्या कुठल्या भागाशी जोडलेले आहेत यावर ठरते, ही त्यातली मुख्य कल्पना.

मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. बेल यांनी बेशुद्ध केलेल्या प्राण्यात मागचे मूळ कापले. स्नायू हलले नाहीत. पुढच्या मुळाला सुरीचे टोक लावले. स्नायूंना झटके आले. पुढचे मूळ हालचालीचे, इथपर्यंत ते पोहोचले. पण मागचे मूळ संवेदनेचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. बेशुद्ध प्राण्याला वेदना होते की नाही हे कळणारच कसे? जिवंत, शुद्धीवरच्या प्राण्याला कापण्याची त्यांना मनापासून किळस होती.

गाढवाचे ओठ आणि ओट

१८२१ मध्ये बेल यांनी चेहऱ्याच्या मज्जातंतूंवरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडला. त्यांनी गाढवावर प्रयोग केले होते. सातवा मज्जातंतू एका बाजूला कापला, तेव्हा त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर फुलेनाशी झाली आणि चेहऱ्याचे स्नायू ढिले पडले. कापताना प्राण्याला फारशी वेदना झालेली दिसली नाही. पाचव्या मज्जातंतूची फांदी कापताना मात्र तीव्र वेदना झाली.

दोन मज्जातंतू, दोन कामे. याचा उपयोग लगेचच होता. त्या काळी चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या दुखण्यावर काही शल्यचिकित्सक सातव्या मज्जातंतूच्या फांद्या कापत. दुखणे पाचव्या मज्जातंतूचे आणि कापला जाई सातवा. रोग्याची कळ तशीच राही आणि वर तोंड कायमचे वाकडे होई. बेल यांच्या निबंधाने ही चूक उघडी पाडली.

पण याच निबंधात त्यांची स्वतःचीही चूक होती. पाचव्या मज्जातंतूची वरच्या ओठाकडे जाणारी फांदी कापल्यावर गाढवाला समोरचे ओट ओठांनी उचलता येईनात. बेल यांनी अर्थ लावला की खाताना ओठ हलवण्याचे कामही हाच तंतू करतो. प्रत्यक्षात ओठ हलू शकत होते, फक्त त्यांना दाणा लागल्याचे कळत नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी बधिर केलेल्या ओठाने घोटभर पाणी पिऊन पाहिलेल्या कुणालाही हा फरक पटेल.

ही चूक त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी हर्बर्ट मेयो यांनी लवकरच दुरुस्त केली. सातवा मज्जातंतू चेहऱ्याच्या हालचालीचा. पाचवा संवेदनेचा, आणि हालचालीपुरता फक्त चावण्याच्या स्नायूंचा, असे त्यांनी दाखवले.

श्रेयाचे भांडण

१८२२ मध्ये पॅरिसचे फ्रांस्वा मॅजांडी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून मज्जारज्जूच्या मुळांचा निकाल लावला : मागचे संवेदनेचे, पुढचे हालचालीचे. लंडनमधून बेल यांच्या बाजूने लगेच दावा आला की हे बेल यांनी १८११ मध्येच सांगितले होते. पुस्तिका मॅजांडी यांना पाठवण्यात आली. पुढच्या मुळाबाबतचे बेल यांचे श्रेय त्यांनी मान्य केले, पण मागच्या मुळाचे काम त्यात कुठे लिहिले आहे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पुढे बेल यांनी जे केले ते त्यांच्या कीर्तीला शोभणारे नव्हते. १८२४ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीतले आपले निबंध पुस्तकरूपाने पुन्हा छापले. त्यांत काही ठिकाणी शब्द बदललेले होते, आणि हे बदल नव्या ज्ञानाशी जुळणारे होते. बदल केला आहे हे मात्र वाचकाला सांगितलेले नव्हते. मूळ निबंध आणि पुनर्मुद्रण शेजारी ठेवून वाचणाऱ्यांच्या ते लक्षात आलेच. इंग्लंडमध्ये मॅजांडी यांच्या प्रयोगांतील क्रूरतेवर संताप होता आणि तो योग्यही होता, पण त्यामुळे शोध कुणाचा हा प्रश्न बदलत नव्हता. आज या नियमाला बेल-मॅजांडी नियम म्हणतात. दोघांची नावे एकत्र आली, पण दोघांचा वाटा सारखा नाही.

अखेरची वर्षे

मानसन्मान मात्र येत राहिले. १८२९ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल मेडल आणि १८३१ मध्ये नाइट हा किताब मिळाला. १८३३ मध्ये हाताच्या रचनेवरचे त्यांचे पुस्तक गाजले. नव्या लंडन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, पण तिथे त्यांचे फार दिवस पटले नाही. १८३६ मध्ये ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून एडिंबराला परतले. ज्या शहराने दार लावले होते, त्याच शहराने बत्तीस वर्षांनी आदराने बोलावले. २८ एप्रिल १८४२ रोजी इंग्लंडमधील वूस्टरजवळ, प्रवासात असताना, त्यांचे निधन झाले.

नाव त्यांचे, आजार जुना

तोंड वाकडे होण्याचा आजार बेल यांनी पहिल्यांदा पाहिला असे नाही. आयुर्वेदात तो अर्दित या नावाने येतो. इराणी वैद्य अल्-राझी यांनी हजारएक वर्षांपूर्वी त्याचे वर्णन केले, जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १७९८ मध्ये. बेल यांनी तो आजार सातव्या मज्जातंतूशी जोडून दाखवला. मिटू पाहणाऱ्या डोळ्याचे बुबुळ वर जाते, हे निरीक्षणही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

डॉक्टर कपाळाला आठ्या घालायला का सांगतात, याचे उत्तर याच रचनेत आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूच्या एका बाजूला पक्षाघात झाला तर तोंड वाकडे होते, पण आठ्या सहसा दोन्हीकडे पडतात. सातवा मज्जातंतूच सुजला असेल तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. हा फरक घरी बसून ठरवायचा नाही. तोंड अचानक वाकडे झाले की पक्षाघात आहे असे धरून ताबडतोब रुग्णालय गाठायचे. बेल्स पाल्सी निघाली तर स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्यास फायदा जास्त होतो, उघडा राहणारा डोळा जपावा लागतो, आणि बहुतेक रोगी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात.